पौडच्या पुढचं डोंगरातलं तळं, त्यातले मासे आणि त्याच्या वरचा ओढा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. पौडच्या पुढे तुमच्या जमिनीला लागून डोंगराच्या खोबणीत जे एक हेक्टरभर तळं आहे ते नैसर्गिक आहे का, त्यात आज कोणते मासे असतील, आणि त्यात ट्राउट, रोहू-कटला किंवा शेजाऱ्यांनी देऊ केलेली चिलापी सोडावी का. मी गेली सत्तावीस वर्षं मावळ, मुळशी, वेल्हे आणि भोर या पट्ट्यातल्या ओढ्यांतले आणि तलावांतले मासे नोंदवतो आहे, त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पाऊस तोंडावर आला आहे आणि मत्स्यबीज आणायची घाई याच दिवसांत होते. तळ्यात काहीही सोडू नका. कारणं सविस्तर सांगतो, कारण नुसतं 'नको' म्हटलं तर ते पाळलं जात नाही, हा माझा अनुभव आहे.

आधी तळं. ते नैसर्गिक नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर नैसर्गिक तळी फारशी नाहीतच. हिमालयात हिमनद्यांनी डोंगर कोरून खळगे केले, त्यात पाणी साठून सरोवरं झाली. आपल्याकडे हिमनदी कधी आलीच नाही. आपला डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. घट्ट काळ्या कातळाचा एक थर, त्यावर भुसभुशीत, भोकाभोकांचा थर, मध्येच गेरूसारखी तांबडी पट्टी, पुन्हा कातळ. पाणी या पायऱ्यांवरून उड्या मारत खाली जातं, साठून राहत नाही. जिथे उडी पडते तिथे कोंड तयार होतो, नदीच्या कातळात रांजणखळगे पडतात. माथ्यावर पाणी टिकवायचं तर माणसालाच काही करावं लागलं: किल्ल्यांवर टाकी खोदली, राजगडावर पद्मावती तळं बांधलं. महाराष्ट्रातलं ठळक नैसर्गिक सरोवर म्हणजे लोणार. ते उल्कापाताने झालं आणि त्याचं पाणी इतकं खारट आणि अल्कधर्मी आहे की त्यात मासा राहू शकत नाही.

पुण्याच्या पश्चिमेला जे पाणी दिसतं ते जवळजवळ सगळं अडवलेलं आहे. खडकवासला एकोणिसाव्या शतकातलं. लोणावळ्याकडचे वळवण आणि शिरवटा तलाव खोपोलीच्या वीजकेंद्रासाठी बांधले गेले, आणि ते केंद्र १९१५ साली सुरू झालं. मुळशीच्या धरणासाठी गावं बुडाली, सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, आणि १९२७ मध्ये भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. एक गोष्ट इथे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. मुळशीचं पाणी मुळेचं, म्हणजे भीमेचं, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागराचं. वीज करायला ते घाटाखाली सोडतात आणि ते कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. इथे कोणी कुठे मासा सोडला तर तो कोणत्या समुद्राच्या वाटेला लागेल याचा नेम नाही.

तुमचं तळं आकारावरून आणि मातीच्या बांधावरून पाहता पाझर तलाव दिसतं. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांत असे तलाव महाराष्ट्रभर झाले. गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, त्यांनी किंवा त्यांच्या आईवडिलांनी त्या बांधावर माती टाकली असेल. म्हणून मी याला तळं म्हणण्यापेक्षा अडवलेला ओढा म्हणतो. शब्दाचा हट्ट नाही, पण हे एकदा डोक्यात बसलं की माशांचं सगळं कोडं सुटायला लागतं.

तुम्ही ट्यूबवर बसून, दोरीला दगड बांधून खोली मोजलीत हे फार चांगलं केलंत (पुढच्या वेळी लाइफ जॅकेट घाला, ही विनंती). भिंतीजवळ सहा मीटर, क्षेत्र एक हेक्टर. अशा उतरत्या तळाच्या तलावात पाणी साधारण क्षेत्र गुणिले खोलीच्या एक-तृतीयांश असतं. म्हणजे वीस हजार घनमीटर, दोन कोटी लिटर. आता वर बघा. तुमच्या नकाशाप्रमाणे तळ्याला पाणी देणारा डोंगर चाळीस हेक्टरांचा आहे. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ताम्हिणीत ५००० च्या वर. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात, ३००० धरू. चाळीस हेक्टरांवर तीन मीटर पाणी, त्यातलं सत्तर टक्के वाहून आलं असं मानलं तर आठ लाख चाळीस हजार घनमीटर होतात. म्हणजे एका पावसाळ्यात तुमचं तळं बेचाळीस वेळा भरेल एवढं पाणी त्यातून जातं.

हा आकडा मी मुद्दाम ठासून सांगतो आहे. ज्या तळ्याचं पाणी चार महिन्यांत बेचाळीस वेळा बदलतं त्यात हिरवळ, शेवाळ, सूक्ष्म जीव, म्हणजे कटल्यासारख्या माशाचं खाणं, साठूच शकत नाही. पाणी नितळ दिसतं ते म्हणूनच. ते गरीब पाणी आहे. शिवाय जे काही तुम्ही जूनमध्ये सोडाल त्यातलं बरंचसं जुलैत सांडव्यावरून खाली जाईल, ओढ्यातून मुळेत. तळ्यात मासा सोडणं म्हणजे नदीत मासा सोडणं, फक्त आठवडाभर उशिराने.

नोव्हेंबरनंतर चित्र उलटतं. आत येणारं पाणी कमी होत जातं. मेपर्यंत नुसत्या उन्हाने मीटर-सव्वा मीटर पाणी उडून जातं, बांधाखालून पाझरतं ते वेगळं, आणि भाताच्या मागून केलेल्या भाजीपाल्याला कोणी मोटर लावली तर ते आणखी वेगळं. दरवर्षी काठ इतका मागे सरकत असल्यामुळे काठाला कायमच्या पाणवनस्पती रुजत नाहीत, आणि माशांच्या पिल्लांना लपायला जागा उरत नाही. खोल भागात तळाचं पाणी वरच्या पाण्यात मिसळत नाही, तिथला प्राणवायू संपतो. एप्रिलमध्ये भिंतीजवळच्या तळातला गाळ वर काढून वास घ्या. काळा आणि कुजक्या अंड्यासारखा वास असेल तर समजा, तळाचे दोन मीटर उन्हाळ्यात माशांना उपयोगाचे नाहीत.

ट्राउटचं याच परिच्छेदात संपवतो. तो थंड पाण्याचा मासा. पाणी वीस अंशांच्या वर जाऊन तिथेच टिकलं की त्याचा जीव कासावीस होतो. काश्मीर, हिमाचल, निलगिरी इथे तो जगतो. आपल्या भागातल्या छोट्या तलावांत मे महिन्याच्या दुपारी वरचं पाणी २८ ते ३० अंशांवर मी स्वतः मोजलं आहे. तीस अंशांच्या पाण्यात, आपल्या उंचीवर, लिटरला जेमतेम सात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, आणि पहाटे तोही घटलेला असतो. हवा थंड वाटते म्हणून पाणी थंड असतं असं नाही.

आता मासे, म्हणजे माझ्या जिव्हाळ्याचा भाग.

तळ्यात आणि ओढ्यात दोन वेगवेगळी गावं वसलेली आहेत असं समजा. तळ्यातलं गाव ओळखीचं आहे. पृष्ठभागालगत चांदीच्या पात्यासारखी चमकणारी आळकूट, थव्याने फिरणारी खवली, काठाच्या दगडांत डोकऱ्या, गाळात शिंगटा, कधी एखादी वाम. अंग काचेसारखं, आतला काटा दिसतो अशी काचकी असू शकते. मोठी मरळ असेल तर गावकऱ्यांना ती नक्की माहीत असेल. मरळ पिल्लांचा लालसर थवा घेऊन फिरते आणि तो कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. हे सगळे मासे खालच्या नदीतही आहेत. तळं आटलं तरी ती जात जगातून जाणार नाही.

ओढ्यातलं गाव वेगळं. तुमच्या तळ्याच्या तोंडाशी, जिथे पाणी दगडांवरून आत येतं, तिथून वर चालायला लागा. पहिल्याच खळाळात मळ्या भेटेल. बोटाएवढा, तपकिरी, तोंड खालच्या बाजूला आणि तोंडामागे एक वाटोळी चकती. त्या चकतीने तो दगडाला धरून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. दगड हळूच उचललात तर खालून मुऱ्या निसटेल, अंगावर पट्टे, तोंडाभोवती मिशा, खवले इतके बारीक की हाताला जाणवत नाहीत. अशाच एका मुऱ्याचं शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली केलं, आणि नमुना पुण्याचा होता. आणखी वर, जिथे पाणी पायाला ढकलतं, तिथे छातीवर वळ्यावळ्या असलेला एक छोटा बिनखवल्यांचा मासा मिळू शकतो. त्या वळ्यांनी तो कातळाला चिकटतो. त्याच्या एका जातीचं शास्त्रीय नावच 'पूनाएन्सिस' आहे, सुंदरलाल होरा यांनी १९३८ मध्ये दिलेलं. खंडाळ्याच्या ओढ्यातून १९१९ मध्ये नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी नोंदवलेला, मिशीवाला आणि चपट्या पोटाचा आणखी एक मासा आहे. तोही याच जातीच्या पाण्यातला. ही सगळी मंडळी सह्याद्रीची आणि त्याच्या आसपासच्या नद्यांची. बोटभर लांबीची, बाजारात किंमत शून्य, आणि त्यांचं घर म्हणजे वाहतं पाणी, गोटे आणि सावली. स्थिर तळ्यात ती राहत नाहीत. तळं त्यांच्यासाठी फक्त एक अडथळा आहे.

थोडं विषयांतर करतो. कर्नल विल्यम साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत फिरत होता. भीमा-मुळा-मुठेच्या काठच्या लोकांनी त्याला मासे दाखवले, नावं सांगितली, आणि १८३९ मध्ये त्याने त्या माशांची वर्णनं प्रसिद्ध करताना तीच नावं शास्त्रीय नावांत वापरली. मळ्याचं 'मुल्या' झालं, कोळशीचं 'कोलस'. 'खुद्री' म्हणजे आपला महाशीर, त्याचं पहिलं वर्णन पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून झालं. 'नुक्ता', 'लोनाह', 'टाकरी', 'बालुकी' हे शब्द आज जगातल्या कोणत्याही संग्रहालयात लॅटिन आडनावासारखे लावलेले दिसतात. मला याचं अजूनही अप्रूप वाटतं, आणि तुमच्या गावातल्या कातकरी आणि कोळी माणसांना माशांबद्दल आधी विचारा असं मी सांगतो ते याच कारणाने. त्यांना जे माहीत आहे ते माझ्या वहीत पुष्कळदा नंतर आलेलं असतं.

आता चिलापी. ती आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणलेली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जगतात फार. वर्षातून अनेकदा वीण होते, काठाच्या उथळ पाण्यात नर खळगे करून जागा अडवतात. कमी प्राणवायू, गढूळ पाणी, काही चालतं. वेल्ह्याकडच्या एका पाझर तलावात मी सलग काही वर्षं जात होतो. पहिल्या वर्षी एका फेक जाळ्यात पाच-सहा प्रकारचे मासे यायचे. मग कोणीतरी बादलीभर चिलापी आणून सोडली. चौथ्या वर्षी तेच जाळं त्याच जागी टाकलं तर सगळी चिलापीच, तळहाताएवढी, त्यापेक्षा मोठी होत नव्हती कारण तलावात दाटी झाली होती. गावाला खायलासुद्धा धड मासा राहिला नाही. ती बाहेर काढायचा उपाय मला आजवर सापडलेला नाही. तुमच्या शेजाऱ्यांचा हेतू चांगला असेल, त्यांना हे शांतपणे सांगा. डासांसाठी गप्पी सोडायचा सल्लाही कोणी देईल. तोही बाहेरचाच मासा. डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला, पाण्याच्या वरच्या थरात राहणारा आपला सह्याद्रीतला छोटा मासा डासांच्या अळ्या तितक्याच आवडीने खातो.

रोहू, कटला, मृगल यांचा प्रश्न थोडा सौम्य आहे. ते मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातले. साठलेल्या पाण्यात आपणहून वीण करत नाहीत, त्यांना नदीचा पूर लागतो. १९५७ च्या जुलैमध्ये ओडिशात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजेक्शन देऊन या माशांकडून अंडी घालून घेतली, तेव्हापासून बीज मुबलक मिळू लागलं. पण तुमच्या गरीब पाण्यात ते वाढणार नाहीत, आणि पावसाळ्यात सांडव्यावरून जातील. खायला मासे हवे असतील तर तळ्यापासून दूर, ओढ्याला न जोडलेलं, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं करा. त्यात कटला-रोहू पाळा, शेण-कोंडा घाला, वर्षाने काढा. त्याला माझी पूर्ण संमती आहे आणि मदतही करेन. मात्र मांगूर नको. आफ्रिकन मांगुरावर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली आहे, तरी तो थाई मांगूर म्हणून विकला जातो.

'मग आपला महाशीर तरी सोडू का?' असं तुम्ही विचाराल, सगळेच विचारतात. वळवणला या माशाची पैदास गेली अनेक दशकं होते आहे, आणि तिथलं बीज देशभर गेलं. २०२० मध्ये या निळ्या पंखाच्या महाशीराला संकटग्रस्त यादीतून बाहेर काढण्यात आलं. पण हाच मासा कावेरीत सोडला गेला, आणि तिथला पाठीला कुबड असलेला मूळचा महाशीर आज नामशेष होण्याच्या कडेला आहे. त्यामागच्या कारणांत या पाहुण्याचंही नाव घेतलं जातं. चांगला मासा चुकीच्या जागी वाईट ठरतो. तुमच्या एक हेक्टरात त्याला विणीला वाळू-गोट्यांचं वाहतं पाणी मिळणार नाही, आणि भूक लागली की तो तुमचे मळ्या-मुऱ्या खाईल. महाशीर जिथे जपायचा तिथे लोकांनी जपला आहे. महाड तालुक्यातल्या वाळणकोंडाला जाऊन या. देवीचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही, आणि हाताएवढे मासे माणसांच्या पायाशी येतात.

तर तुम्ही काय करायचं? तुमच्या हातात तळ्यापेक्षा ओढा जास्त आहे. एप्रिल-मेमध्ये ओढा वाहायचा थांबतो आणि त्याची माळ होते, कातळातल्या पाच-सात कोंडांची. सगळं ओढ्यातलं गाव त्या दोन महिन्यांत तिथे दाटीने राहतं. त्या कोंडांवरची उंबर, करंज, वाळुंजाची सावली गेली तर पाणी तापतं. मोटर लावून एक कोंड उपसला तर एका दिवसात त्यातलं सगळं संपतं. या भागात मी पाहिलेलं सर्वांत मोठं नुकसान जेसीबीने झालं आहे. प्लॉट पाडताना ओढा 'सरळ' करतात, गोटे उचलून गॅबियनला, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून केलेल्या भिंतीला, वापरतात, काठ खरवडतात. तासाभराचं काम असतं. तुमच्या हद्दीत ते होऊ देऊ नका, आणि वरच्या जमिनींचे मालक भेटतील तेव्हा त्यांच्याशीही बोला. दुसरी भीती ब्लीचिंग पावडरीची. पूर्वी गेळाची फळं ठेचून मासे गुंगवायचे, ते पाणी दोन दिवसांत निवळायचं. ब्लीचिंगने किडा-मुंगी, खेकडा, मासा, सगळं मरतं. कुणी असं करताना दिसलं तर पोलीस पाटलांना सांगा.

मोजमाप चालू ठेवा. महिन्यातून एकदा, पहाटे आणि दुपारी, वरच्या आणि तळच्या पाण्याचं तापमान घ्या. पांढरी ताटली दोरीला बांधून सोडा आणि ती कुठे दिसेनाशी होते ते लिहा. मासा धरावा लागला तर ओल्या हाताने, पाण्याने भरलेल्या पारदर्शक डब्यात ठेवून बाजूने फोटो काढा आणि जिथे धरला तिथेच सोडा. नोव्हेंबर हा पाहण्याचा उत्तम महिना, पाणी नितळ आणि अजून वाहतं.

शेवटी चढणीच्या माशांबद्दल. तुम्ही लिहिलं आहे की जूनमध्ये गावकरी सांडव्याखाली टोपल्या घेऊन बसतात आणि तुम्हाला ते थांबवायचं आहे. थांबवू नका. ते पिढ्यान्‌पिढ्यांचं खाणं आहे आणि दोन-चार टोपल्यांनी ओढा रिकामा होत नाही. मात्र पोटात अंडी घेऊन वर निघालेले ते मासे तुमच्या सांडव्याच्या गुळगुळीत काँक्रीटवर अडतात, आणि अडतात म्हणूनच ते टोपलीत सापडतात. पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रात्री बॅटरी घेऊन तिथे उभे राहा. मळ्या ओल्या भिंतीला चकतीने चिकटून इंच-इंच वर सरकताना दिसेल, आणि जिथे काँक्रीट घोटलेलं आहे तिथून घसरून पुन्हा खाली पडेल. ज्या खात्याचं तळं असेल त्यांची लेखी परवानगी काढून सांडव्याच्या एका कडेला, दीड-दोन फूट रुंदीची, खडबडीत दगडांची उतरण बसवून घ्या, वरून पाण्याची पातळ धार राहील अशी. गवंड्याचं दोन दिवसांचं काम आहे. या मेअखेर झालं तर जूनमध्ये मी स्वतः बघायला येतो.